काळ्यावरचं काळं वाचायचं कसं?

बंबात घातलेल्या वर्तमानपत्राची राख न ढवळता पाहिलीय कधी? पुण्याजवळच्या मांजरीत अजून कुणाच्या अंगणात बंब पेटत असेल तर पाहा. लांबूनच हं, आणि शेजारी मोठं माणूस हवं! काळ्या, मुडपलेल्या पापुद्र्यावर छापील अक्षरं चक्क चमकताना दिसतात. फुंकर मारलीत की संपलं.

आता असा कोळसा झालेल्या फायलींनी अख्खा मजला भरलाय असं समजा.

12 जुलै म्हटलं की पुणेकरांना 1961 चा पानशेतचा पूर आठवतो. त्याच तारखेला, 1973 साली, अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराजवळ सैनिकांच्या नोंदी ठेवलेल्या इमारतीला आग लागली. कोण कधी भरती झाला, कुठे लढला, कधी घरी परतला, सगळं त्या फायलींत. आग चार दिवस धुमसली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली गेल्या. दुसरी प्रत? काढलेलीच नव्हती!

तरी सगळं खाक झालं नाही. घट्ट बसवलेल्या गठ्ठ्यात हवा शिरत नाही, त्यामुळे कडा जळतात आणि मधला भाग तगतो. पण आग विझवायला मारलेल्या पाण्यानं गठ्ठे चिंब झाले, त्यात उन्हाळा. बुरशीला आणखी काय हवं?

मग कागद दुधाच्या क्रेटमध्ये भरले आणि नेले कुठे, तर मॅकडोनेल डग्लस या विमान कंपनीत! तिथे अंतराळातल्यासारखी स्थिती तयार करणारी मोठी निर्वात खोली होती. हवेचा दाब उतरला की पाण्याची वाफ कमी तापमानालाच होते, म्हणजे कागदही भाजत नाही. एका खेपेत सुमारे 2,000 क्रेट आत जायचे आणि जवळपास 8 टन पाणी निघायचं. अशी धडपड करून सुमारे 65 लाख फायली वाचवल्या.

जळक्या कडांवरचा मजकूर आता अवरक्त कॅमेरा टिपतो. शाई आणि कोळसलेला कागद आपल्याला सारखेच काळे दिसतात, पण अवरक्त प्रकाश ते वेगवेगळा परतवतात.

आणि ज्याची फाइलच उरली नाही, त्याचं काय? तिथली माणसं हुशार. सैनिकाला शेवटचा पगार दिल्याच्या पावत्या हिशेबखात्याकडे होत्या. त्यावर नाव, नोकरीचा काळ, सेवामुक्तीची तारीख! दवाखान्याच्या नोंदीही मिळाल्या. मुंबईत 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हाही जळालेल्या फायलींच्या प्रती अशाच इतर कार्यालयांतून गोळा कराव्या लागल्या. सेंट लुइसमध्ये तर हे काम अजून चालू आहे. एखाद्या माजी सैनिकाचा अर्ज आला, की कुणीतरी हातमोजे घालून त्याचा जळका कागद हळूच उलगडतं.