मुलगा वडिलांच्या पुढे गेला का? हे मोजायचं कसं?

संत तुकाराम नगरमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. घर काल्पनिक आहे, पण पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्यांना ओळखीचं वाटेल. वडील दहावीनंतर आयटीआय करून १९८० च्या दशकात पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. पर्मनंट झाले, युनियनच्या करारांबरोबर पगार वाढत गेला आणि पीएफ, ग्रॅच्युइटी घेऊन निवृत्त झाले. मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. चाकणला ठेकेदारामार्फत कामाला आहे, आणि काही महिन्यांनी नवं लेटर मिळेल की नाही हे त्याला माहीत नाही.

आता सांगा, मुलगा वडिलांच्या पुढे गेला की मागे पडला?

शिक्षण पाहिलं तर पुढे. नोकरीची शाश्वती पाहिली तर मागे. अर्थशास्त्रात या विषयाला आंतरपिढी गतिशीलता म्हणतात. आई-वडिलांच्या परिस्थितीवरून मुलांची परिस्थिती किती ठरते, हा त्यातला मूळ प्रश्न. ती जितकी जास्त ठरते, तितकी गतिशीलता कमी. तुम्ही पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर हे क्षेत्र समजून घेण्यासारखं आहे. प्रश्न घरात बसून कळतो, पण उत्तर मात्र मोजमापात अडकतं.

पहिली अडचण : एका वर्षाचा पगार

सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे वडिलांचं उत्पन्न आणि मुलाचं उत्पन्न घेऊन रिग्रेशन चालवायचं. अमेरिकेत बराच काळ याचा सहगुणक ०.२ च्या आसपास यायचा. म्हणजे वडिलांचं उत्पन्न १० टक्के जास्त असेल, तर मुलाचं सरासरी २ टक्केच जास्त. यावरून समाज फार मोकळा आहे असं वाटायचं. १९९२ मध्ये गॅरी सोलन यांनी दाखवलं, की हा आकडा फसवा आहे. एका वर्षाचं उत्पन्न म्हणजे माणसाची आयुष्यभराची आर्थिक स्थिती नव्हे. त्या वर्षी ओव्हरटाइम जास्त मिळाला असेल किंवा कारखान्यात संप झाला असेल. अशा चढउतारांमुळे वडिलांच्या आकड्यात गोंगाट शिरतो आणि सहगुणक शून्याकडे ढकलला जातो. बऱ्याच वर्षांची सरासरी घेतल्यावर तो ०.४ किंवा त्याहून वर गेला. समाज तोच होता, फक्त मोजमाप सुधारलं.

दुसरी अडचण : उत्पन्नच नाही, मग शिक्षण

आपल्याकडे वडिलांच्या आणि मुलांच्या उत्पन्नाची जोडलेली आकडेवारी मिळत नाही. बहुतेक लोक आयकर भरणाऱ्यांत येतच नाहीत. म्हणून भारतातले अभ्यासक शिक्षणावर भर देतात. पण किती वर्षं शिकला, एवढंच पाहून चालत नाही. सीईटीचं उदाहरण घ्या. पेपर सोपा गेला म्हणून सगळ्यांचे वीस-वीस मार्क वाढले, तर तुमचं पर्सेंटाइल हलणार नाही आणि कॉलेजही बदलणार नाही. शिक्षणाचंही तसंच आहे. वडिलांच्या काळात दहावी पास म्हणजे रांगेत बऱ्यापैकी पुढे. मुलाच्या काळात डिप्लोमावाले पुष्कळ. इयत्ता वाढली म्हणून रांगेतली जागा वाढेलच असं नाही.

सॅम अ‍ॅशर, पॉल नोवोसाद आणि चार्ली रॅफ्किन यांनी भारतासाठी हे काम रांगेतल्या जागेच्या, म्हणजे रँकच्या भाषेत केलं. तिथेही एक गाठ होती. जुन्या पिढीतले निम्म्याहून अधिक वडील जवळपास शाळेतच न गेलेले. त्या सगळ्यांची इयत्ता सारखीच, मग त्यांच्यात वर कोण आणि खाली कोण हे ठरवणार कसं? त्यांनी तळातल्या एकेका टक्क्याचा नाद सोडला आणि वेगळा प्रश्न विचारला : शिक्षणात खालच्या अर्ध्या भागातल्या वडिलांचे मुलगे सरासरी कुठे पोचतात? पूर्ण गतिशीलता असती तर उत्तर ५० वं पर्सेंटाइल आलं असतं, अजिबात नसती तर २५ वं. भारतात ते साधारण ३७ च्या आसपास येतं. महत्त्वाचं म्हणजे उदारीकरणाच्या आधीपासून ते फारसं बदललेलं नाही. पण या स्थिर सरासरीच्या पोटात दोन उलट्या हालचाली आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची गतिशीलता वाढली, तर मुस्लिम मुलांची घटली. तेव्हा सरासरी हलत नाही म्हणून काहीच घडत नाही, असा निष्कर्ष काढू नका.

तिसरी अडचण : घरात कोण सापडतं?

सर्वेक्षण करणारा घरी येतो आणि घरात राहणाऱ्यांचीच नोंद करतो. आपल्या घरातला मुलगा लग्नानंतर चाकणला भाड्याने राहायला गेला, तर वडिलांशी त्याची जोडी लागणार नाही. मुलगी सासरी गेली की ती यादीतून बाहेर. म्हणजे उरलेल्या जोड्या यादृच्छिक नसतात. शाहे इम्रान, विल्यम ग्रीन आणि फोरहाद शिल्पी यांनी बांगलादेश आणि भारताच्या आकडेवारीवर दाखवलं, की फक्त एकत्र राहणाऱ्यांवर काम केलं तर रिग्रेशनचा सहगुणक बराच खाली येतो, म्हणजे गतिशीलता आहे त्याहून जास्त दिसते. सहसंबंधाला मात्र हा फटका कमी बसतो. एनसीएईआर आणि मेरीलँड विद्यापीठाच्या भारत मानव विकास सर्वेक्षणात घरप्रमुखाच्या वडिलांचं शिक्षण आणि काम वेगळं विचारलेलं आहे, वडील त्या घरात असोत वा नसोत. म्हणून या विषयात ते सर्वेक्षण इतकं वापरलं जातं. मुलींबाबतची उणीव मात्र बरीचशी कायम राहते. या विषयातले बरेच निष्कर्ष ‘वडील आणि मुलगे’ एवढ्यापुरतेच का असतात, ते इथे कळतं.

मग श्रमबाजार कुठे येतो?

आतापर्यंत आपण फक्त मोजत होतो. पिढ्यांमधला हा दुवा तयार का होतो, यासाठी आपल्या जवळचा, दादरचा एक अभ्यास वाचायलाच हवा. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. दादरमधल्या मराठी कुटुंबांची वीस वर्षांच्या काळातली शाळेची निवड त्यांनी तपासली : मराठी माध्यम की इंग्रजी? १९९० च्या दशकात इंग्रजीतून शिकलेल्यांना मिळणारा आर्थिक फायदा वाढला होता. तरीही श्रमिक जातींमधले मुलगे मराठी माध्यमातच जास्त जात राहिले. कारण कामगारवर्गातल्या नोकऱ्या जातीच्या आणि नात्यांच्या ओळखीतून मिळत. काका, मामा, गाववाला शब्द टाकायचा. ती वाट पुरुषांची होती. मुलींसाठी अशी वाट नव्हतीच, त्यामुळे त्यांना मागे धरून ठेवणारं जाळंही नव्हतं. त्याच जातींतल्या मुली इंग्रजी माध्यमाकडे जास्त वेगाने वळल्या. ज्या जाळ्याने एका पिढीला शहरात उभं केलं, तेच पुढच्या पिढीला जुन्या कामाशी बांधून ठेवू शकतं.

पिंपरीत हे जाळं कारखान्यांभोवती विणलं गेलं. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात टेल्कोसारखे मोठे कारखाने आले, आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे गाड्यांचं उत्पादन चाकणकडे सरकलं. फोक्सवॅगनचा तिथला कारखाना २००९ चा. पण दरम्यान नोकरीचा प्रकारच बदलला. देशातल्या संघटित कारखान्यांमधल्या कामगारांत कंत्राटी कामगारांचा वाटा २०००-०१ मध्ये सुमारे २० टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. कायमस्वरूपी कामावर कंत्राटी कामगार ठेवायला बंदी घालण्याची सोय १९७० च्या कायद्यात होती. पण बंदी घातली तरी ते कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात दिला.

आता पहिल्या घराकडे पुन्हा पाहा. शिक्षणाच्या रकान्यात मुलगा वडिलांच्या वर आहे. व्यवसायाच्या रकान्यात दोघेही ‘कारखान्यातला कुशल कामगार’. पगारी रजा, पीएफ, निवृत्तीनंतरची सोय, घरासाठी मिळणारं कर्ज, हे सगळं पर्मनंट आणि ठेकेदारी या फरकात आहे, आणि आपण वापरत असलेल्या मोजमापात तो फरक उमटतच नाही. घरात ‘एवढं शिकवून काय उपयोग?’ म्हणून जो वाद होतो, तो या हरवलेल्या रकान्याबद्दलच असतो.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा आधी तीन गोष्टी कागदावर मांडा. ‘पुढे जाणं’ म्हणजे तुम्ही नेमकं काय मोजणार : वर्षं, रँक, उत्पन्न की नोकरीचा प्रकार? तुमच्या नमुन्यातून कोण निसटतं? आणि दोन पिढ्यांमधला दुवा कोणत्या मार्गाने तयार होतो, शाळेतून, ओळखीतून की नोकरीच्या करारातून? गाइडसुद्धा सहसा फिरून फिरून हेच विचारतात.

सरावासाठी एक काम सुचवतो. पीएलएफएस, म्हणजे केंद्राचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, २०१७ पासून होतं आणि त्याची आकडेवारी मोफत मिळते. नोकरीचा लेखी करार आहे का, किती काळाचा, पगारी रजा मिळते का, सामाजिक सुरक्षा आहे का, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. एकाच घरात राहणाऱ्या वडील-मुलाच्या जोड्या काढा, आधी शिक्षणाची तुलना करा, मग कराराची. दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. मग तिसरी अडचण आठवा आणि या तक्त्यांत कोण कोण आलेलंच नाही, त्याची यादी करा. प्रबंधाचा विषय बहुधा त्या यादीतच सापडेल.