जुलैअखेरचा सौदा आणि ऑक्टोबरची आस

२९ जुलै २०१५ची रात्र. न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड मैदानावर मेट्स आणि सॅन दिएगो पाद्रेस यांच्यात बेसबॉलचा सामना सुरू होता. मेट्सचा विल्मर फ्लोरेस फलंदाजीला आला आणि प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. आपण असा कोणता पराक्रम गाजवला, हे त्याला उमजेना. प्रेक्षकांना मात्र कारण ठाऊक होते. त्यांच्या मोबाइलवर बातमी येऊन थडकली होती, की फ्लोरेस आणि आणखी एक पिचर मिलवॉकीच्या संघाला देऊन त्या बदल्यात कार्लोस गोमेझला आणले जात आहे. त्या टाळ्या निरोपाच्या होत्या. व्हेनेझुएलातून अवघ्या सोळाव्या वर्षी मेट्सशी करारबद्ध झालेला हा तेवीस वर्षांचा खेळाडू नंतर क्षेत्ररक्षणाला उभा राहिला, तेव्हा बाहीने डोळे पुसताना साऱ्या अमेरिकेने त्याला दूरचित्रवाणीवर पाहिले.

तो सौदा अखेर फिसकटला. फ्लोरेस न्यूयॉर्कमध्येच राहिला आणि दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, वॉशिंग्टन नॅशनल्सविरुद्ध बाराव्या डावात होम रन मारून त्याने सामना जिंकून दिला. त्याच दिवशी मुदत संपता संपता मेट्सने डेट्रॉईटकडून योएनिस सेस्पेडिस हा फटकेबाज मिळवला. त्याने उरलेल्या ५७ सामन्यांत १७ होम रन ठोकले आणि मेट्स त्या वर्षी थेट वर्ल्ड सीरिजमध्ये जाऊन पोहोचले. ज्या प्रेक्षकांनी फ्लोरेससाठी हळहळ व्यक्त केली, त्यांनीच सेस्पेडिसचे वाजतगाजत स्वागत केले. अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींचा जुलै महिना हा असा दुभंगलेल्या मनाने जातो.

हंगामाच्या मध्यावर होणारी खेळाडूंची ही अदलाबदल, म्हणजेच 'ट्रेड', हा प्रकार आपल्याकडच्या क्रिकेटरसिकाला काहीसा अपरिचित आहे. आयपीएलमध्ये असे व्यवहार प्रामुख्याने दोन हंगामांच्या मधल्या काळात होतात. नोव्हेंबर २०२३मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला आणि २०२४च्या हंगामात वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली, हे वाचकांना आठवत असेल. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये हेच नाट्य ऐन हंगामात घडते, आणि तेही एकाच वेळी डझनभर शहरांत. काल संध्याकाळी आपल्यासाठी खेळलेला खेळाडू आज दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच गणवेशात उभा असतो. त्याचा करारही त्याच्याबरोबर जातो. दहा वर्षे लीगमध्ये आणि त्यातली सलग शेवटची पाच एकाच संघात काढली असतील, किंवा करारात तसे कलम लिहून घेतले असेल, तरच खेळाडूला नकार देता येतो. बाकीच्यांनी सामान बांधायचे.

या व्यवहारांची मुदत १९८६पासून साधारणपणे ३१ जुलैला संपते. त्यापूर्वी ती १५ जूनला संपत असे. अलीकडे तारीख एक-दोन दिवसांनी मागेपुढे होते, एवढेच. पूर्वी मुदतीनंतरही ऑगस्टमध्ये आडवळणाने सौदे करण्याची एक वाट होती; ती २०१९पासून बंद झाली. त्यामुळे आता जे काही करायचे ते जुलै संपताना.

सौद्यामागचा हिशेब वरकरणी सोपा आहे. हंगाम १६२ सामन्यांचा. जुलैअखेर त्यातील शंभराहून थोडे अधिक उरकलेले असतात. ज्यांना आशा आहे ते संघ 'खरेदीदार' होतात आणि ज्यांची आशा मावळली ते 'विक्रेते'. विक्रेत्याकडे असा एखादा नामवंत असतो, ज्याचा करार हंगामअखेर संपणार आहे आणि त्यानंतर तो हाती काहीही न ठेवता निघून जाणार आहे. खरेदीदाराकडे मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या श्रेणीत, घडत असलेली एकोणीस-वीस वर्षांची पोरे असतात. एकाने आजचा खेळाडू द्यायचा आणि दुसऱ्याने उद्याचा.

आता आशा आहे की नाही, हे ठरवायचे कसे? इथूनच चाहत्यांच्या वादाला तोंड फुटते. तीस संघ दोन लीगमध्ये विभागलेले, प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांचे तीन गट. १९९३पर्यंत केवळ गटविजेते पुढे जात. नंतर 'वाइल्ड कार्ड' आले, म्हणजे गट न जिंकताही चांगली कामगिरी असलेल्या संघाला मागच्या दाराने प्रवेश. २०२२पासून प्रत्येक लीगमधून तीन गटविजेते आणि तीन वाइल्ड कार्ड असे एकूण बारा संघ प्लेऑफ खेळतात. दार रुंद झाले, तशी दाराशी ताटकळणाऱ्यांची गर्दीही वाढली. जुलैअखेर अनेक संघ ना धड आत, ना धड बाहेर, अशा अवस्थेत असतात.

अंतर मोजण्याची रीतही खास आहे. पुढच्या संघाचे ६० विजय व ४५ पराभव आणि मागच्याचे ५६ विजय व ४८ पराभव असतील, तर विजयांतील फरक चार, पराभवांतील तीन. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की 'साडेतीन सामन्यांनी मागे'. याच्या जोडीला आता संगणकाने काढलेली शक्यता आली आहे. संघाची ताकद आणि उरलेले वेळापत्रक पाहून बाकीचा हंगाम हजारो वेळा संगणकावर खेळवला जातो आणि त्यातल्या किती वेळा संघ प्लेऑफला पोहोचला, याची टक्केवारी रोज प्रसिद्ध होते. चाहते शेअर बाजाराच्या निर्देशांकासारखी ती सकाळी उठून पाहतात.

साडेतीन सामने म्हणजे जवळ की दूर? १९९७च्या ३१ जुलैला शिकागो व्हाइट सॉक्स क्लीव्हलँडपेक्षा नेमके तेवढेच मागे होते. तरीही व्यवस्थापनाने तीन अनुभवी पिचर सॅन फ्रान्सिस्कोला देऊन बदल्यात सहा नवखे खेळाडू घेतले. शिकागोकरांच्या लेखी ही शरणागती होती. तो व्यवहार आजही 'पांढऱ्या निशाणाचा सौदा' म्हणून ओळखला जातो. त्या सहांपैकी कीथ फोक आणि बॉब हौरी यांनी २०००मध्ये व्हाइट सॉक्सला गटविजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. हिशेबाने सौदा वाया गेला नाही. पण १९९७चा ऑगस्ट कोरडा गेला तो गेलाच, आणि ज्याने त्या हंगामाची तिकिटे आधीच काढून ठेवली होती त्याला २०००चे आश्वासन काय कामाचे? प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर त्या चाहत्यांचा राग रास्त होता. पराभव पचवता येतो. आपल्याच संघाने दोन महिने आधी हात टेकणे पचत नाही.

आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. २०२३च्या जुलैत लॉस एंजलिस एंजल्सपुढे पेच होता तो शोहेई ओहतानीचा. फलंदाजी आणि पिचिंग दोन्हींत अव्वल असा हा जपानी खेळाडू. त्याचा करार त्याच वर्षी संपणार होता. विकला असता तर त्या बदल्यात तरुण खेळाडूंची मोठी फळी मिळू शकली असती. पण २०१४नंतर एंजल्सने प्लेऑफचे तोंड पाहिले नव्हते, आणि चाहत्यांना त्याला एकदा तरी ऑक्टोबरमध्ये एंजल्सकडून खेळताना पाहायचे होते. संघाने ठरवले, ओहतानी विकायचा नाही. उलट आपले होतकरू खेळाडू देऊन लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ हे पिचर आणले. टाळ्या वाजल्या.

ऑगस्ट उजाडला आणि पराभवांची रांग लागली. जिओलिटोला एंजल्ससाठी एकच विजय मिळवता आला, पराभव पाच. २३ ऑगस्टला ओहतानीच्या कोपराच्या अस्थिबंधाला दुखापत झाल्याचे निष्पन्न झाले. महिनाअखेर संघाने खर्च कमी करण्यासाठी सहा खेळाडू, त्यात नुकतेच आणलेले ते दोन्ही पिचर, ज्याला हवे त्याने न्यावेत म्हणून मोकळे केले. हंगाम ७३ विजय आणि ८९ पराभवांवर संपला. डिसेंबरमध्ये ओहतानी दहा वर्षांच्या ७० कोटी डॉलरच्या करारावर त्याच शहर परिसरातील डॉजर्सकडे निघून गेला. एंजल्सच्या हाती आले ते नवोदितांच्या निवडीतील एक भरपाईची संधी, बस्स.

तेव्हा हा निर्णय मूर्खपणाचा होता काय? आज तसे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण त्यांतील कितीजणांनी २६ जुलैला तोंड उघडले होते, हाही प्रश्नच आहे. संघ जिंकण्याच्या अंतरावर होता, जगातला सर्वोत्तम खेळाडू संघात होता. व्हाइट सॉक्सने हात टेकले म्हणून त्यांना शिव्या, एंजल्सने टेकले नाहीत म्हणून त्यांना हसे!

बेसबॉलमध्ये निकालावरून निर्णय जोखणे धोक्याचे असते, कारण नशिबाचा वाटा या खेळात फार मोठा आहे. शंभर सामने जिंकणारा संघ उत्कृष्ट मानला जातो, पण तोही बासष्ट सामने हरतोच. प्लेऑफची पहिली फेरी तर अवघी तीन सामन्यांची. २०२१मध्ये अटलांटा ब्रेव्हजचा हुकमी खेळाडू रोनाल्ड अकुन्या जुलैत जायबंदी झाला. संघाचे पराभव विजयांहून अधिक होते. व्यवस्थापनाने फारसा खर्च न करता चार आउटफिल्डर गोळा केले. त्यांतील एडी रोझारिओ लीगच्या अंतिम मालिकेचा आणि होर्हे सोलेर वर्ल्ड सीरिजचा मानकरी ठरला. ब्रेव्हज जगज्जेते झाले. याउलट २०२५मध्ये मेट्सने जुलैअखेर रायन हेल्सली, टायलर रॉजर्स यांच्यासह चांगले चार खेळाडू आणले. जूनच्या मध्यापर्यंत सर्वांत सरस असलेला हा संघ हंगामाच्या शेवटच्या दिवशी मायामीकडून हरला. सिनसिनाटीशी ८३ विजयांची बरोबरी झाली, आपसातील सामन्यांत सिनसिनाटी सरस होते आणि मेट्स घरी बसले.

या साऱ्या वादाचे सार एकाच शहरात पाहायचे असेल तर ते डेट्रॉईटमध्ये. १९८७च्या ऑगस्टमध्ये टायगर्सने गट जिंकण्यासाठी अटलांटाकडून डॉईल अलेक्झांडर हा छत्तिशीचा पिचर आणला. त्याने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले, हरला एकही नाही. टोरांटोला मागे टाकून टायगर्सने गट जिंकला. याहून चोख खरेदी कोणती असू शकेल? पण प्लेऑफमध्ये मिनेसोटाने टायगर्सना हरवले, अलेक्झांडर दोन वर्षांत निवृत्त झाला, आणि त्याच्या बदल्यात दिलेला वीस वर्षांचा मिशिगनचाच पोरगा, लहानपणापासून टायगर्सचा चाहता, अटलांटात जाऊन जॉन स्मोल्ट्झ झाला! २१३ विजय, १५४ सेव्ह, १९९६चा साय यंग पुरस्कार आणि २०१५मध्ये हॉल ऑफ फेम. सौदा चुकला की बरोबर होता, यावर डेट्रॉईटमध्ये अजूनही एकमत नाही. एका ऑक्टोबरची किंमत वीस वर्षे असू शकते काय, असा तो प्रश्न आहे.

२०२४मध्ये टायगर्सने शहाणपणाचा रस्ता धरला. दहा वर्षे प्लेऑफविना गेली होती. ३० जुलैला त्यांनी आपला उत्तम पिचर जॅक फ्लॅहर्टी डॉजर्सला देऊन टाकला. तारिक स्कुबल याच्याही विक्रीच्या वावड्या उठल्या होत्या, पण त्याला ठेवून घेतले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संगणकाने दिलेली प्लेऑफची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. आणि मग विक्रेता म्हणून हिणवला गेलेला हाच संघ जिंकत सुटला. फ्लॅहर्टीच्या बदल्यात मिळालेला ट्रे स्वीनी शॉर्टस्टॉपला उभा राहिला, स्कुबलने साय यंग पुरस्कार पटकावला. ८६ विजयांनिशी टायगर्स प्लेऑफमध्ये गेले, ह्यूस्टनला हरवले आणि क्लीव्हलँडकडून पाचव्या सामन्यात पराभूत झाले. तिकडे फ्लॅहर्टी डॉजर्सबरोबर वर्ल्ड सीरिज जिंकत होता. तो संघात असता तर? डेट्रॉईटच्या चाहत्यांनी तो सारा हिवाळा याच प्रश्नावर काढला.

पुढच्या वर्षी चित्र पालटले. २०२५च्या जुलैत टायगर्स आघाडीवर होते, क्लीव्हलँड तब्बल साडेपंधरा सामन्यांनी मागे. जुलैअखेर टायगर्स खरेदीदार होते, पण त्यांनी मोठे नाव आणले नाही. काही अनुभवी पिचरवर भागवले. चाहते कुरकुरले. क्लीव्हलँडने तर शेन बीबर हा आपला नामांकित पिचर टोरांटोला देऊन टाकला. सप्टेंबर संपला तेव्हा गट जिंकला होता क्लीव्हलँडने. टायगर्सना मागच्या दाराने आत जावे लागले आणि पहिल्याच फेरीत गाठ पडली ती याच क्लीव्हलँडशी. तिथे मात्र जिंकले टायगर्स.

त्या मालिकेत टायगर्सच्या पिचरांमध्ये जॅक फ्लॅहर्टीही होता. ऐन हंगामात विकला गेलेला हा खेळाडू डॉजर्सबरोबर जगज्जेता होऊन फेब्रुवारी २०२५मध्ये स्वतःच्या मर्जीने डेट्रॉईटला परतला होता.