घरात ओव्हन आणावा की नाही?

दिवाळीच्या फराळात चकली, चिवडा आणि करंजी यांचे स्थान अढळ आहे. पण त्यांच्या पंक्तीला मागल्या काही पिढ्यांत एक पाहुणी येऊन बसली आणि ती आता उठावयाचे नाव काढीत नाही. ही पाहुणी म्हणजे नानकटाई. चकली फसली तर दोष भाजणीचा, करंजी फुटली तर दोष पारीचा; पण नानकटाई फसली की सारे घर एकमुखाने म्हणते, "आपल्याकडे ओव्हन नाही ना!" मग कुणीतरी दुकानातली किंमत सांगतो, कुणी बोनसची आठवण करून देतो, आणि दिवाळीच्या तोंडावर घरात एक नवीनच वाद पेटतो.

पूर्वी शहरात या वादाला एक सोपे उत्तर होते. रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून सरळ बेकरीत जावयाचे, डब्यावर नाव टाकावयाचे आणि आपल्या देखत नानकटाई भाजून घ्यावयाची. अजूनही काही ठिकाणी ही सोय आहे. परंतु बेकर्‍यांचाच जमाना पालटतो आहे. मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणार्‍या भट्ट्यांनी गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत दिला. म्हणजे 'कशावर भाजावे?' हा प्रश्न केवळ गृहिणींपुरता उरलेला नाही. मोठमोठ्या भट्टीवाल्यांनाही तो पडलेला आहे.

आमच्या कसार्‍यात तर या प्रश्नाला आणखी दोन कंगोरे आहेत. कसारा हे मुंबईच्या लोकलचे शेवटचे स्टेशन. लोकल इथे थांबते आणि पुढे उभा घाट सुरू होतो. गावात गॅसची सिलिंडरे आहेत, विजेचे मीटर आहेत. पण आसपासच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवर आजही सकाळी चुलीचा धूर दिसतो. त्यातून पावसाळ्याचे चार महिने घाटमाथ्याचा पाऊस जणू आमच्याच मुक्कामी असतो, आणि वीज मात्र मनाला येईल तेव्हा माहेरी जाते. अशा गावात ओव्हन घेणे म्हणजे नुसती वस्तू घेणे नव्हे. ती कशाच्या जिवावर चालणार, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

आता मराठीच्या प्राध्यापकाने ओव्हनवर लिहावे, हे कुणाला चमत्कारिक वाटेल. पण या विषयात भाषेचाही थोडा संबंध आहे. मराठीत उकडणे, वाफवणे, शिजवणे, परतणे, तळणे असे एकाहून एक नेमके शब्द आहेत. परंतु इंग्रजी 'बेक'साठी स्वतंत्र शब्द नाही. वांगेही आपण भाजतो, शेंगदाणेही भाजतो आणि नानकटाईही भाजतो. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. 'बिस्किट' युरोपातून आले, आणि त्याच्या मुळाशी 'दोनदा भाजलेले' असा अर्थ आहे. यावरून कुणी म्हणेल की ही विद्याच आपली नव्हे. पण शब्द नाही म्हणून विद्या नाही, असे समजण्याचे कारण नाही.

कसार्‍याहून खाली रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून ते उलटे करतात व भोवती जाळ घालतात, ही पोपटी. घाट चढून खानदेशाकडे जावे, तर तिथे बट्टी. विदर्भात गोवर्‍यांच्या निखार्‍यात भाजलेले रोडगे. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरी पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भानोळे भाजले जाई. कोकणात पानात थापलेली पानगी आहेच. या सार्‍यांत तत्त्व एकच: पदार्थाला पाणी किंवा तेल लावावयाचे नाही, त्याला चहूबाजूंनी कोरड्या उष्णतेत कोंडावयाचे. ओव्हन म्हणजे याहून निराळे काही नाही. फक्त झाकणावरचे निखारे गेले आणि त्या जागी विजेची कांडी आली.

हे तत्त्व आमच्या गावच्या मुलांना समजावून सांगणे फार सोपे आहे. कसार्‍यापर्यंत रेल्वे १८६१ साली आली आणि १८६५ साली ती घाट ओलांडून इगतपुरीस पोचली. हा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. पुढचे इंजिन एकटे गाडी ओढील, हा भरवसा नाही. म्हणून कसार्‍यास गाडी थांबते आणि मागून ढकलावयास 'बँकर' इंजिने जोडली जातात. केकचेही असेच आहे. नुसती खालची आच असली तर बूड करपते आणि वरचा भाग पांढराफटक राहतो. खालून ओढावयास एक आणि वरून ढकलावयास एक अशा दोन उष्णता मिळाल्या, तरच केक घाट चढतो.

एवढे ध्यानात ठेवून आता बाजारात जे मिळते ते एकेक पाहू.

पहिला उपाय घरातल्याच गॅसचा. जाड बुडाचे मोठे पातेले किंवा कढई घ्यावी, तळाशी इंचभर धुऊन वाळवलेली वाळू किंवा जाडे मीठ पसरावे, त्यावर एक तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून दहा मिनिटे तापवावे आणि मग केकचे भांडे आत ठेवून आच मंद करावी. पुष्कळ घरी यासाठी प्रेशर कुकर वापरतात. त्यात शिटी आणि रबरी रिंग काढून टाकणे अत्यंत आवश्यक आहे. पाण्यावाचून रिंग करपते, आणि रिकामा तापवल्याने कुकरही लवकर बाद होतो. त्यापेक्षा माळ्यावरचे एखादे जुने जाड पातेलेच या कामी लावावे. गॅसचा लहान बर्नर पूर्ण जोरात तासभर चालला तर साधारण १०० ग्रॅम गॅस जळतो. केकला तो पाऊण तास आणि तोही मंद लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरवर याचा भार फारसा नाही. उणीव एकच: वरून रंग येत नाही. चवीत काही कमी नसते, पण पाहुण्यांपुढे ठेवताना गृहिणीचा जीव खालीवर होतो.

याच कारणासाठी नवी शेगडी घेताना दुकानदार काचेचा पृष्ठभाग दाखवतो, तिकडे फार पाहू नये. लहान बर्नर पेटवावयास सांगावा आणि तो अगदी मंद करून पाहावा. मंद असताना ज्योत निळी, सारखी आणि स्थिर राहिली पाहिजे. फडफडून विझणारी शेगडी भाजावयाच्या कामाची नव्हे. बर्नर पितळी असावा, भांडे डळमळणार नाही अशी बैठक असावी. आणि नळी दर पाच वर्षांनी बदलावी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून वर खिडकी आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

दुसरा प्रकार म्हणजे खाली गॅसचाच ओव्हन असलेली मोठी रेंज. वीज गेली तरी ती आपले काम करते, हा तिचा मोठा गुण. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफरूपाने बाहेर पडते. त्या दमट उष्णतेत पाव छान फुगतो, पण बिस्किटे किंचित कमी खुसखुशीत होतात. शिवाय दोन खोल्यांच्या बिर्‍हाडात ही रेंज आणली तर माणसांनी कुठे बसावे, हा प्रश्न उरतोच.

तिसरा प्रकार मायक्रोवेव्हचा. याच्या लहरी मुख्यतः पदार्थातल्या पाण्याला हलवून तापवतात. भात गरम करावयास उत्तम, दूध तापवावयास उत्तम. पण मराठीत ज्याला आपण 'खरपूस' म्हणतो, ते याच्या आवाक्याबाहेर आहे. खरपूसपणासाठी पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या वर जावा लागतो, आणि पाणी तर १०० अंशांवर उकळून थांबते. 'कन्व्हेक्शन' असा शिक्का असलेल्या मायक्रोवेव्हमध्ये निराळी कांडी आणि पंखा असतो. त्यात केक होतो. तेव्हा विकत घेताना तो शब्द पाहूनच पैसे मोजावे.

चौथा आणि मध्यमवर्गीय घरास सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे ओटीजी. वर कांडी, खाली कांडी, मध्ये जाळी आणि उष्णतेचे बटण. पंचवीस ते तीस लिटरचा घ्यावा. त्याहून लहान घेतला तर भांड्याच्या भोवती हवा खेळत नाही आणि कडा करपतात. याला बहुधा बाराशे ते सोळाशे वॉट लागतात, म्हणून जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग आणि चांगली जाड तार हवी. मिक्सरच्या प्लगमध्ये तो खुपसणे हा घराला आग लावण्याचा राजमार्ग आहे. एका केकला साधारण एक युनिट किंवा त्याहून थोडी कमी वीज पुरते. म्हणजे खर्चाची फार भीती नको. भीती असलीच तर ती विजेच्या दाबाची.

हा मुद्दा शहरच्या वाचकांना नवा वाटेल. वीज येते आहे की नाही, एवढेच आपण पाहतो. ती किती जोराने येते, ते पाहात नाही. २३० व्होल्टऐवजी १८० च मिळाले तर ओव्हनची शक्ती त्याच प्रमाणात नव्हे, तर त्या प्रमाणाच्या वर्गाने घटते. हिशेब करून पाहावा: १५०० वॉटचा ओव्हन उरतो सुमारे ९२० वॉटचा. पुस्तकात 'दहा मिनिटे तापवा' असे लिहिलेले असते आणि इथे पंचवीस मिनिटे झाली तरी आत पुरेशी धग नसते. अशा वेळी गृहिणीच्या हाताला बोल लावण्यात अर्थ नसतो. दोष तारेतल्या दाबाचा असतो.

आमच्या आळीतील एका वहिनींची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. यजमानांची नोकरी बेताची, दोन मुली शिकतात. वहिनींचा हात नानकटाईला आणि नाचणीच्या बिस्किटांना मोठा गोड. लोकलने रोज कल्याण-ठाण्यास जाणार्‍या बायकांनी चव घेतली आणि मागणी येऊ लागली. त्याच सुमारास भिशीची पाळी लागली. हाती आठ हजार रुपये आले. घरात दोन पक्ष पडले. यजमान म्हणाले, ओव्हन घ्या. सासूबाई म्हणाल्या, पैसे थोरलीच्या कॉलेजच्या फीसाठी राहू द्या. दोन्ही पक्ष बरोबर होते, हीच खरी पंचाईत.

वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि महिनाभर वीज केव्हा गेली, केव्हा आली, दिवे केव्हा मंद झाले, याच्या पेन्सिलीने खुणा केल्या. महिनाअखेर दिसले की संध्याकाळचे दोन-तीन तास भरवशाचे नाहीत, पण दुपारी बारा ते चार वीज बहुधा टिकते. मग त्यांनी फीचे पैसे बाजूला काढले, उरलेल्यांतून एक जाड बुडाची बिडाची कढई आणि दोन पत्र्याची ताटे घेतली आणि ती दिवाळी गॅसवरच काढली. एक किलो मैद्याच्या साधारण ऐंशी नानकटाया होतात. एका घाण्यात दहाच मावत. म्हणजे आठ घाणे, दोन-तीन तास उभे राहणे. पायांना गोळे आले, पण हिशेबाची वही नफ्यात निघाली. पुढच्या वर्षी त्या नफ्यातून ओटीजी आला आणि तो दुपारीच चालतो. संध्याकाळी अडले तर कढई आहेच. सासूबाई आता ओव्हनवर क्रोशाचे झाकण घालतात, यावरून दोन्ही पक्षांचा तह झाला असावा असे वाटते.

या उदाहरणावरून जे घ्यावयाचे ते असे. आधी कढईत हात बसवावा. पदार्थ घरच्यांना आवडतो का आणि आपणास वारंवार करावासा वाटतो का, हे कळेल. मग विजेचा स्वभाव पाहावा. मग ओव्हन. घेतल्यावर त्याची परीक्षा अवश्य करावी, कारण बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांचे नेहमीच पटते असे नाही. चमचाभर साखर वाटीत घालून बटण १८० वर ठेवावे. पंधरा मिनिटांनी दाणे तसेच राहिले पाहिजेत. मग १९० वर ठेवावे; आता साखर वितळू लागली पाहिजे, कारण साखर सुमारे १८६ अंशांवर वितळते. तसेच रिकाम्या ताटात पावाचे काप मांडून दहा मिनिटे भाजावे. जिथला काप आधी काळा होईल, तो आपल्या ओव्हनचा तापट कोपरा. तिथे नानकटाई ठेवू नये, किंवा ताट मधेच फिरवून घ्यावे.

आणखी एक सूचना. शेगडीतले कोळशाचे निखारे वापरावयाचे झाल्यास ते अंगणात किंवा पडवीत. बंद स्वयंपाकघरात कदापि नको. कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही. विक्रीसाठी करावयाचे असेल तर अन्नपदार्थांच्या व्यवसायाची नोंदणी करून घ्यावी. आणि पावसाळी हवेत बिस्किटे पूर्ण निवाल्याखेरीज डब्यात भरू नयेत. गरम भरली की आतल्या आत घाम फुटून ती मऊ पडतात.

यंदाच्या दिवाळीस ज्यांच्या घरी ओव्हन येणार असेल त्यांनी तो अवश्य आणावा, आणि ज्यांच्या घरी येणार नसेल त्यांनी माळ्यावरचे जाड पातेले खाली काढावे. नानकटाईवर बदाम किंवा पिस्त्याचा काप लावावयास मात्र दोघांनीही विसरू नये.