गूढ शब्दकोड्यातील सूत्रांची उकल : स्वरूप, पद्धती आणि देवनागरीचा प्रश्न

प्रस्तावना

वृत्तपत्रातील शब्दकोडे हा बहुतेक सुशिक्षित वाचकांच्या परिचयाचा विषय आहे. मराठी नियतकालिकांतील शब्दकोडी मुख्यतः समानार्थी शब्दांवर व सामान्यज्ञानावर आधारलेली असतात. 'पाणी' या सूत्राला 'जल' किंवा 'नीर' असे उत्तर लिहिले की काम संपते. इंग्रजीत मात्र 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड' या नावाचा एक स्वतंत्र प्रकार गेल्या शतकात विकसित झाला. त्यात सूत्राचा वरकरणी अर्थ वाचकाची दिशाभूल करतो आणि खरे उत्तर सूत्राच्या शब्दरचनेत दडलेले असते. या सूत्रांची उकल कशी होते व ती मराठीत कितपत शक्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखातील मराठी सूत्रे केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेली आहेत. सूत्राशेवटी कंसात दिलेला अंक हा उत्तरातील अक्षरांची संख्या दर्शवतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आर्थर विन यांनी तयार केलेले पहिले आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्यातील सूत्रे सरळ अर्थाची होती. सूत्रांना गूढतेचे वळण मिळाले ते इंग्लंडमध्ये. एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' या साप्ताहिकासाठी अशी कोडी रचली. टॉर्केमाडा हे स्पेनमधील धर्मन्यायासनाच्या प्रमुखाचे नाव होय. वाचकांचा छळ करणाऱ्या कोडेकाराने ते घ्यावे, यातील विनोद उघड आहे.

१९३९ मध्ये मॅथर्स यांच्या निधनानंतर ही धुरा डेरिक मॅकनट या अभिजात भाषांच्या अध्यापकाकडे आली. त्यांनी 'झिमेनिस' हे नाव घेतले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी सूत्ररचनेचे नियम सविस्तर मांडले. १९७२ पासून त्यांची जागा घेणाऱ्या जोनाथन क्राउथर यांनी 'देझा' या धर्मन्यायाधीशाचे नाव इंग्रजी अक्षरक्रमाने उलटे करून 'अझेड' हे टोपणनाव तयार केले. ते नावच एक कोडे ठरले.

सूत्राची घडण आणि न्याय्यतेचे तत्त्व

आदर्श गूढ सूत्राचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थनिर्देश असतो व तो सामान्यतः सूत्राच्या आरंभी किंवा शेवटी येतो. दुसऱ्या भागात तेच उत्तर शब्दांच्या मोडतोडीतून मिळते. मोडतोड कोणत्या प्रकारची आहे, हे सांगणारा 'संकेतशब्द' त्यात असतो. उदाहरणार्थ, 'उलटलेली', 'पोटात' किंवा 'विस्कटलेला'. यांखेरीज एकही शब्द निरर्थक असू नये, हा झिमेनिसप्रणीत न्याय्यतेचा गाभा होय.

'अफ्रिट' या नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मधील आपल्या पुस्तकात हेच तत्त्व वेगळ्या प्रकारे मांडले. कोडेकाराच्या मनातला अर्थ वाक्याच्या वरवरच्या अर्थाहून वेगळा असला तरी चालेल. मात्र त्याच्या मनातला अर्थ त्या शब्दांतून निघालाच पाहिजे, असा त्यांचा आशय होता. फसवण्याची मुभा आहे, खोटे बोलण्याची नाही.

उकलीच्या प्रमुख पद्धती

१) द्व्यर्थ : 'सरकारी वसुलीचा हात (२)'. 'कर' म्हणजे सरकारी वसुली आणि 'कर' म्हणजे हातही. येथे दोन्ही भाग अर्थनिर्देशच आहेत. श्लेष अलंकाराशी परिचित असलेल्या वाचकाला हा प्रकार सर्वांत जवळचा वाटतो.

२) जोडणी : 'परक्या वटवृक्षाचे हाल (४)'. परका म्हणजे 'पर', वटवृक्ष म्हणजे 'वड'. दोन्ही जोडून 'परवड', म्हणजेच हाल.

३) लपलेला शब्द : 'नवा दळणारा, त्याच्या पोटात झंझावात (३)'. 'नवा दळणारा' या दोन शब्दांची सीमा पुसली की मध्यभागी 'वादळ' दिसते. उत्तर डोळ्यांसमोर छापलेले असूनही शब्दांमधील मोकळी जागा ते झाकून टाकते.

४) समावेश : 'घावात नकार घुसला, निघाले माकड (३)'. घाव म्हणजे 'वार', नकार म्हणजे 'न'. 'वा' आणि 'र' यांच्यामध्ये 'न' शिरला की 'वानर' होते.

५) लोप : 'पर्जन्याने मस्तक गमावले, तरी गोड पीक (२)'. 'पाऊस' या शब्दाचे पहिले अक्षर गेले की 'ऊस' उरतो.

६) विपर्यय : 'उलटलेली सरिता करते गरीब (२)'. 'नदी' उलटी वाचली की 'दीन'. वरकरणी वाक्य पुराचे चित्र उभे करते. उकलीत पुराचा काहीही संबंध नाही.

देवनागरीचा प्रश्न : वर्ण की अक्षर?

इंग्रजीत शब्दाचा घटक कोणता, हा प्रश्न उद्भवत नाही; एका चौकोनात एक लिपिचिन्ह बसते. मराठीत तो प्रश्न मूलभूत आहे. मराठी शब्दकोड्याच्या चौकोनात स्वरचिन्हासह किंवा जोडाक्षरासह संपूर्ण अक्षर लिहिले जाते. 'पुस्तक' या शब्दाला तीनच चौकोन लागतात. वरील विपर्यय अक्षरांच्या पातळीवर सुटतो. 'नदी'तील न्, अ, द्, ई हे वर्ण उलटे मांडल्यास 'ईदन्' असा निरर्थक समूह हाती येतो.

याउलट 'विस्कटलेला नवरा माकडच (३)' हे सूत्र पाहावे. 'नवरा' आणि 'वानर' यांतील वर्ण तंतोतंत तेच आहेत. परंतु न, व, रा या अक्षरांची कशीही फेरमांडणी केली, तरी 'वानर' होत नाही. कोडेकाराने वर्ण हा घटक मानला असेल आणि सोडवणाऱ्याने अक्षर, तर दोघेही आपापल्या परीने बरोबर असूनही उत्तर सापडणार नाही. हा दोष सोडवणाऱ्याच्या बुद्धीचा नसून सूत्राचा आहे. त्यामुळे मराठीत अक्षर हाच मूळ घटक मानणे आणि मात्रा वेगळी काढल्यास तसा संकेत देणे, हा नियम आवश्यक ठरतो. 'काना-अक्षरे विस्कटलेला नवरा माकडच' असे म्हटल्यास सूत्र न्याय्य होते.

भारतीय परंपरेशी साम्य

या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध जोडण्याचा हेतू नाही, तथापि साम्य लक्षणीय आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिकेचा समावेश आहे. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. मनोविनोद, गर्दीतील गुप्त संभाषण व इतरांना चकविणे हे तिचे उपयोगही त्याने सांगितले आहेत. संधीमुळे पदांच्या सीमा झाकल्या जाऊन अर्थ गूढ होतो, तिला तो 'समागता' म्हणतो. वर दिलेले 'वादळ' तिचेच दूरचे नातलग होय. सदोष प्रहेलिका वेगळ्या काढण्याची दृष्टीही त्याच्या विवेचनात आहे.

निष्कर्ष

गूढ सूत्राचे उत्तर अंदाजाने सापडू शकते, पण उकल अंदाजाने होत नाही. अर्थनिर्देश कोणता, संकेतशब्द कोणता आणि प्रत्येक अक्षर कोठून आले, हे सांगता आले तरच उत्तर सिद्ध झाले असे म्हणता येते. दुसऱ्या दिवशी केवळ उत्तरांची यादी छापली, तर वाचकाला आपली चूक कळते. तिचे कारण कळत नाही. भाषेच्या वर्गातही नेमके हेच घडते. वर्ण व अक्षर, संधी व पदच्छेद, श्लेष व समास या संकल्पना व्याख्येच्या स्वरूपात पाठ होतात, परंतु वापरल्या जात नाहीत. प्रत्येक सूत्राची लेखी उकल मागितल्यास विद्यार्थ्याला त्या वापराव्याच लागतात. अशा उपक्रमात उत्तराइतकेच गुण उकलीला द्यावेत. आणि न्याय्य सूत्र रचण्याची जबाबदारी प्रथम अध्यापकाने स्वीकारावी. कारण सदोष सूत्रावर अडलेला विद्यार्थी दोष स्वतःलाच देत असतो.