मुलाखत आली

तुरुंगात ‘मुलाखत’ म्हणजे घरचं कुणीतरी भेटायला येणं. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. शिपायानं बराकीपाशी ‘मुलाखत आली’ अशी हाळी दिली आणि एक कच्चा कैदी, आई आली असेल म्हणून, ओल्या हातानं केस चापत धावत आला. समोर मी, मांडीवर प्रश्नावली. तो बोलला चौथ्या खेपेला. माझी गुन्हेगारी मानसशास्त्राची सगळी विद्या त्या चार खेपांतली, असं म्हटलं की आमच्यातले यंत्रवाले हसतात. हसोत बापडे.

गुन्ह्याच्या वेळी आरोपी वेडा होता का, या प्रश्नावरचा मॅकनॉटनचा १८४३चा खटला, भादंविचं कलम ८४, आता न्यायसंहितेचं २२, हे सगळं वकिलीच्या पोरांनाही पाठ असतं. पुढे जाऊ.

थांबायचं ते एकामागून एक खून करणाऱ्या रामन राघवपाशी. १९६८मध्ये मुंबईत पकडला गेला. पुढच्या वर्षी पोलीस सर्जननं त्याला काही आठवडे नजरेखाली ठेवलं आणि वेडा नाही म्हणून सांगितलं. फाशीची शिक्षा झाली, त्यानं अपीलही केलं नाही. मग उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ बसलं. पाच बैठका, प्रत्येक सुमारे दोन तासांची. शेवटच्या बैठकीत निरोप घेताना त्यांनी हात पुढे केला, तर यानं तो घेतला नाही. आपण ‘कानून’चे प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही, म्हणाला! निदान झालं जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं. १९८७मध्ये फाशीची जन्मठेप झाली, १९९५मध्ये ससूनमध्ये तो वारला. नजरेखाली ठेवणं वेगळं आणि समोर बसणं वेगळं, हे मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना याच गोष्टीवरून शिकवलं. न घेतलेला हात कुठल्या आलेखावर उमटणार?

मग यंत्रांचा सुकाळ आला. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीची नार्को चाचणी तर लोकांनी जेवता जेवता टीव्हीवर पाहिली. गुंगीतला माणूस खरंच बोलतो, हा समज दारूच्या गुत्त्यावरसुद्धा टिकत नाही, पण आमच्या परिसंवादांत टिकला. २००८मध्ये पुण्यात सत्र न्यायालयानं मेंदूच्या लहरींचा अहवाल पुरावा म्हणून जमेस धरून शिक्षा सुनावली. शेवटी ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, संमतीशिवाय नार्को नाही, पॉलिग्राफ नाही, मेंदूचा नकाशाही नाही. मी पेढे वाटले. एका सहकाऱ्यानं पेढा घेतला नाही, नंतर बोलणंही टाकलं.

त्यानंतरचं थोडक्यात. २०१५च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलांची, गुन्हा अतिगंभीर असेल तर, प्राथमिक मानसिक पारख आली. २०२२मध्ये मनोज खटल्यात, फाशीआधी आरोपीची मानसिक तपासणी आणि त्याचा पूर्वेतिहास न्यायालयापुढे यायलाच हवा, असं ठरलं. आम्ही जन्मभर मागत होतो ते मिळालं.

आणि मिळालं ते कसं? गेल्या पावसाळ्यात एक जुनी विद्यार्थिनी अहवाल दाखवायला आली. एक पान, चार रकाने. ‘सहकार्य करतो : होय.’

“किती वेळ बसलीस?”

“वीस मिनिटं, सर. व्हिडिओवर. आवाज तुटत होता.”

“केस चापून आला होता का गं?”

ती गोंधळली. “कपाळाच्या वरचं दिसतच नव्हतं, सर.”