शंभरातल्या बारा कॅलरी

उंदीर-पाखरं मारून जगणाऱ्या मांजराच्या आहारात कर्बोदकांतून मिळणारी ऊर्जा जेमतेम 2 टक्के असते. बाकी 52 टक्के प्रथिनांतून आणि 46 टक्के चरबीतून. मोकळ्या हिंडणाऱ्या मांजरांच्या आहाराच्या अभ्यासातून 2011 साली पुढे आलेले हे आकडे. आता घरातली वाटी पाहू. 50 ग्रॅम भातात 50 मिलिलिटर गायीचं दूध कालवलं, तर त्यातली जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा कर्बोदकांची असते.

निरोगी मांजर थोडीफार कर्बोदकं पचवतं, हे खरं. पण जेवणानंतर रक्तात एकदम चढलेली साखर झटपट उचलायला माणसाच्या किंवा कुत्र्याच्या यकृताला ग्लुकोकायनेज नावाचं विकर मदत करतं. मांजराच्या यकृतात त्याचं काम जवळजवळ नसतंच. मधुमेह झाला की ही उणीव महागात पडते. म्हणूनच इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिनने 2015 मध्ये मधुमेही मांजरांसाठी मर्यादा सुचवली: एकूण ऊर्जेत कर्बोदकं शक्यतो 12 टक्क्यांच्या आत.

हा 12 चा आकडा पाकिटावर मात्र सापडत नाही. तिथे प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि कधी राख एवढंच वजनाच्या टक्क्यांत छापलेलं असतं. या सगळ्यांची बेरीज शंभरातून वजा केली की उरतात ती कर्बोदकं. राखेचा आकडा नसेल तर कोरड्या खाद्यासाठी साधारण 8 आणि ओल्यासाठी 2 धरावा. मग प्रथिनं आणि कर्बोदकं यांना प्रत्येकी 3.5 ने आणि चरबीला 8.5 ने गुणायचं.

समजा कोरड्या खाद्यात प्रथिनं 32, चरबी 10, तंतू 4, ओलावा 10 आणि राख 8 आहे. कर्बोदकं उरली 36. कॅलरी होतात 112, 85 आणि 126, म्हणजे एकूण 323. त्यात कर्बोदकांचा वाटा 39 टक्के. आता प्रथिनं 11, चरबी 5, तंतू 0.5, ओलावा 80 आणि राख 2 असलेला ओल्या खाद्याचा पाऊच घ्या: कर्बोदकांचा वाटा 6 टक्के.

पण सगळे पाऊच सारखे नसतात. रस्सा दाट करायला स्टार्च घातलेल्या पाऊचमध्ये प्रथिनं 8, चरबी 3, तंतू 1, ओलावा 82 आणि राख 2 असेल, तर कर्बोदकं फक्त 4 ग्रॅम. वाचायला किती कमी वाटतात! पण एकूण 67.5 कॅलरींपैकी 14 त्यांच्याच, म्हणजे 21 टक्के. त्यामुळे ‘ओलं ते चांगलं’ एवढ्यावर विसंबू नये. गुणाकार करायला दोन मिनिटं लागतात, ती द्यावीत.

या खटाटोपाने किती फरक पडतो? 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 63 मधुमेही मांजरं होती आणि दोन्ही गटांना डब्यातलं ओलं खाद्यच दिलं होतं. एका गटात कर्बोदकांची ऊर्जा 12 टक्के, दुसऱ्यात 26 टक्के आणि तंतू जास्त. 16 आठवड्यांनी पहिल्या गटातल्या 68 टक्के मांजरांना इन्शुलिनची गरज उरली नव्हती, दुसऱ्यातल्या 41 टक्क्यांना. दुसरा आकडाही मला मोलाचा वाटतो, कारण मध्यम आहारातही बरीच मांजरं सुधारली. कर्बोदकांमुळेच मधुमेह होतो, असं मात्र यावरून म्हणता येणार नाही. त्याबाबत अभ्यासांमध्ये एकमत नाही. लठ्ठपणाचा दोष जास्त पक्का आहे. एक किलो वजन वाढलं की मांजराची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता सुमारे 30 टक्क्यांनी घटते. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी पुरतात. वरच्या कोरड्या खाद्याचे 10 ग्रॅम जास्त पडले तर 32 कॅलरी, म्हणजे गरजेचा सहावा हिस्सा. मापाने नव्हे, वजनकाट्यावर मोजून घाला. वजन उतरवताना आठवड्याला अर्धा ते दोन टक्के एवढीच घट चालते. जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. म्हणून नवं खाद्य ते नाकारत असेल तर हट्ट न करता जुन्यात थोडंथोडं मिसळत जावं.

इन्शुलिन चालू असलेल्या मांजराचं खाद्य डॉक्टरांना न सांगता बदलणं सगळ्यात धोक्याचं. कर्बोदकं घटली की तेवढाच डोस जास्त ठरतो आणि साखर 60 च्या खाली घसरू शकते. मांजर डगमगू लागलं, सुस्तावलं किंवा झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा आजार सोबत असेल तर जास्त प्रथिनांचा आहार प्रत्येकाला मानवेलच असं नाही. तिथे हिशेब डॉक्टरांसोबतच बसवावा.

इन्शुलिन सुटल्यावरही खाद्य तेच ठेवायचं. सुटलेल्या मांजरांपैकी साधारण चारातल्या एकाला मधुमेह पुन्हा गाठतो. त्यामुळे मांजर पाणी जास्त पिऊ लागलं किंवा ट्रेमधल्या वाळूचे गोळे मोठे दिसू लागले की त्याच आठवड्यात साखर तपासून घ्यावी.