‘बाहुबली’ अ‍ॅनिमेशनमध्ये आला, पण तो फक्त ऐकणाऱ्यांचं काय? टीझर, कमेंट्स आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन

मोठ्या सिनेमावरून अ‍ॅनिमेटेड सिरीज येणार अशी घोषणा झाली की टीझरखाली पहिल्या तासाभरात काय सुरू होतं, ते तुम्हाला सांगायला नको. कुणाला हिरोचा चेहरा ओळखीचा वाटत नाही, कुणाला सगळं मोबाईल गेमसारखं दिसतं. कुणी विचारतं की खरा सिनेमा कधी. आणि आपल्यापैकी कुणीतरी हमखास विचारतो, मराठीत येणार का?

आज आपण या रिअ‍ॅक्शनमागचं तंत्र समजून घेऊया. कारण यातल्या काही तक्रारी अगदी बरोबर असतात, काही मोबाईलच्या स्क्रीनमुळे होतात, आणि एक तक्रार अशी आहे की जी महत्त्वाची असूनही कमेंटमध्ये फारशी दिसत नाही. ती आपल्या बदलापूर-कर्जत पट्ट्यातल्या एका गावाशी थेट जोडलेली आहे. तिथे येतोच.

उदाहरण ‘बाहुबली’चंच घेऊ, कारण भारतात सिनेमावरून अ‍ॅनिमेशन करण्याचा इतका लांब सिलसिला दुसऱ्या फार कमी सिनेमांचा आहे. दुसरा भाग २८ एप्रिल २०१७ ला थिएटरात आला. त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉन प्राइमवर ‘बाहुबली: द लॉस्ट लेजंड्स’ ही अ‍ॅनिमेटेड सिरीज सुरू झाली. मग सात वर्षांनी, एप्रिल २०२४ च्या शेवटी, एस. एस. राजामौली यांनी ‘बाहुबली: क्राउन ऑफ ब्लड’ची घोषणा केली आणि १७ मे २०२४ ला ती डिस्ने प्लस हॉटस्टारवर आली. ग्राफिक इंडिया आणि आर्का मीडियावर्क्स यांनी ती बनवली. त्यानंतर ३१ ऑक्टोबर २०२५ ला दोन्ही सिनेमे एकत्र करून ‘बाहुबली: द एपिक’ लागला, आणि त्यासोबत ‘बाहुबली: द इटर्नल वॉर’चा टीझर दाखवला गेला. ही मात्र सिरीज नाही, अ‍ॅनिमेटेड सिनेमा आहे. दिग्दर्शक आहेत ईशान शुक्ला, ज्यांनी ‘स्टार वॉर्स: व्हिजन्स’मधला ‘द बँडिट्स ऑफ गोलक’ हा भारतीय भाग केला होता.

आता गंमत बघा. ‘बाहुबली परत येतोय’ एवढं ऐकलं की लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते, तिसरा भाग. ‘इटर्नल वॉर’ म्हणजे ‘बाहुबली ३’ नाही, हे शेवटी राजामौलींना वेगळं सांगावं लागलं. म्हणजे रिअ‍ॅक्शनमधला बराचसा राग हा अ‍ॅनिमेशनवरचा नसतोच. आपण मनात एक गोष्ट ऑर्डर केली आणि डब्यात दुसरीच निघाली, त्याचा असतो. ‘कल्की २८९८ एडी’वाल्यांनी हे जरा हुशारीने केलं. सिनेमा २७ जून २०२४ चा, आणि ‘बुज्जी अँड भैरवा’ ही छोटी अ‍ॅनिमेटेड सिरीज ३१ मेलाच प्राइमवर टाकली. सिनेमाआधी आली, त्यामुळे ‘हे काय सिनेमाऐवजी?’ असा प्रश्नच उरला नाही.

‘गेमसारखं दिसतंय’ असं का वाटतं?

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. अ‍ॅनिमेशनमध्ये पुष्कळदा प्रत्येक चित्र दोन फ्रेमपर्यंत धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला फक्त १२ नवीन चित्रं. आपण दिवसभर ६० फ्रेमवर गेम खेळतो, फोनची स्क्रीन ९० किंवा १२० हर्ट्झची असते, रील्स एकदम गुळगुळीत सरकतात. त्या डोळ्यांना १२ चित्रं अडखळल्यासारखी वाटणारच. पण हा दरवेळी दोष नसतो. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये नवखा माइल्स सुरुवातीला मुद्दाम कमी चित्रांत हलवला होता, आणि मुरलेला पीटर पूर्ण २४ मध्ये. दोघांमधला फरक न सांगता कळावा म्हणून. त्यामुळे ‘लॅग होतंय’ अशी कमेंट टाकण्याआधी, सगळंच अडखळतंय की एखादंच पात्र, हे बघून घ्या.

दुसरं कारण अगदी साधं आहे. यूट्यूबवर नवीन व्हिडिओ पडला की आधी कमी क्वालिटीचं व्हर्जन तयार होतं, एचडी आणि फोरके नंतर येतात. पहिल्या मिनिटाला धावत जाऊन बघणारा फॅन सगळ्यात खराब चित्र बघतो, आणि तोच सगळ्यात आधी कमेंट करतो! त्यात चालत्या लोकलमध्ये सिग्नल कमीजास्त झाला की अ‍ॅप आपोआप क्वालिटी उतरवतं. अंधाऱ्या युद्धाच्या सीनमध्ये मग काळ्या रंगाचे चौकोन दिसायला लागतात. टीझर तासाभराने, वायफायवर, क्वालिटी हाताने वाढवून परत बघा. निम्मी तक्रार गेली तर ती स्टुडिओची नव्हतीच.

चेहऱ्याबद्दलची तक्रार मात्र खरी असते. प्रभाससारखा माणूस जितका हुबेहूब करायला जाल, तितकी छोटी चूक मोठी दिसते. डोळे जरा थिजलेले, ओठ जरा उशिरा हलले, की बघणारा बिचकतो. जपानचे मासाहिरो मोरी यांनी रोबोंबद्दल हे १९७० मध्येच लिहून ठेवलंय. रजनीकांतच्या ‘कोचाडैयान’ला २०१४ मध्ये याचाच फटका बसला. म्हणून हुबेहूब चेहऱ्याच्या मागे न लागता सरळ चित्रासारखा चेहरा ठेवणं, माझ्या मते, जास्त शहाणपणाचं. फॅन नाक मुरडतील, पण दुसऱ्या एपिसोडपर्यंत सवय होते.

आवाज: ज्यावर भांडण होत नाही

चेहरा बदलला तरी आवाज तोच ठेवता येतो. हिंदीत ‘बाहुबली’च्या प्रभासला आवाज दिला होता आपल्या शरद केळकरने, आणि ‘क्राउन ऑफ ब्लड’मध्येही तोच आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये अभिनेता पडद्यावर नसतो. तो माणूस म्हणून जे काही उरतं, ते आवाजातच. ओळखीचा आवाज कानावर पडला की वेगळा चेहराही आपला वाटायला लागतो. एक प्रयोग करून बघा: टीझर लावा, फोन टेबलावर पालथा ठेवा आणि फक्त ऐका.

काय कळलं? संगीत दणदणीत. तलवारी. घोडे. कुणीतरी ओरडलं. एक-दोन भारी वाक्यं. पण कोण कुणाला मारतंय? समोर कोण उभं राहिलं? सगळ्यात शेवटी ढोल वाजून एकदम शांतता झाली, तेव्हा स्क्रीनवर काय होतं? बहुतेक वेळा तिथे नाव आणि रिलीजची तारीख असते. म्हणजे ज्यासाठी टीझर बनवला तीच माहिती ऐकणाऱ्याला मिळाली नाही.

आता वांगणी. कर्जत लाइनला बदलापूरच्या पुढचं स्टेशन. घरं त्यातल्या त्यात परवडणारी आणि लोकल दारात, म्हणून इथे दृष्टिहीन कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यातले बरेच जण लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून घर चालवतात. तुम्ही या लाइनने ये-जा करत असाल तर त्यांच्याकडून कधी ना कधी मोबाईलचं कव्हर किंवा किचेन घेतलंच असेल. १७ एप्रिल २०२१ ला याच स्टेशनवर रुळांवर पडलेल्या एका लहान मुलाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन वर उचललं, ते तुम्ही पाहिलंय. मुलाची आई दृष्टिहीन होती. सगळ्या देशाच्या फोनवर फिरलेली ती क्लिप सीसीटीव्हीची होती. आपण जे बघून श्वास रोखला, ते त्या आईला शब्दांत कुणीतरी सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं.

व्हिडिओ शब्दांत सांगणं, हेच ते तंत्र. आणि कृपा करून असं समजू नका की न दिसणाऱ्या माणसाला सिनेमा, सिरीज, ‘बाहुबली’ यांत काय रस असणार. स्क्रीन रीडरवर व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, यूपीआय सगळं चालवता येतं, आणि वापरणारे आपल्यापेक्षा दुप्पट वेगाने ऐकतात. अडचण फोनची नाही. स्क्रीन रीडर बटणं आणि मजकूर वाचतो. व्हिडिओच्या चित्रात कोरलेली अक्षरं ही त्याच्यासाठी चित्रच, म्हणून टीझर चालू असताना तो तारीख वाचत नाही.

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे काय?

मूळ आवाजाच्या ट्रॅकमध्येच आणखी एक निवेदक. दोन संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो पडद्यावर काय घडतंय ते थोडक्यात सांगतो. संवादावर बोलायचं नाही, संगीताचा मोका मारायचा नाही, आणि पुढचं आधी फोडायचं नाही. तीन सेकंदांची फट मिळाली तर त्यात सात-आठ शब्द बसतात. ‘बाहुबली ढाल भिरकावतो. दोन सैनिक आडवे. तिसरा मागे सरकतो.’ झालं, एवढंच. लिहून बघा, वाटतं तितकं सोपं नाही.

अ‍ॅनिमेशनला याची गरज जास्त आहे. खऱ्या नटाच्या सिनेमात श्वास, पावलं, कपड्यांची सळसळ सेटवरूनच थोडीफार येते. अ‍ॅनिमेशनमध्ये असं आपोआप काहीच येत नाही, प्रत्येक आवाज कुणीतरी ठरवून बसवावा लागतो. पण त्यामुळेच डिस्क्रिप्शनचं काम आधीपासून आखणंही सोपं आहे. चित्रं पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी स्टोरीबोर्ड आणि संवाद तयार असतात, फटी कुठे आहेत ते तेव्हाच दिसतं. ‘नंतर बघू’ म्हणायला इथे कारण कमी आहे.

फॅन ओरडले म्हणून काही बदलतं का?

बदलतं. ‘सॉनिक’च्या सिनेमाचा ट्रेलर एप्रिल २०१९ मध्ये आला, लोकांनी त्याच्या दातांवरून इतकी धुलाई केली की स्टुडिओने पूर्ण पात्र नव्याने बनवलं आणि सिनेमा नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर नेला. आपल्याकडे ‘आदिपुरुष’ टीझरवरच्या टीकेनंतर जानेवारी २०२३ वरून जूनला गेला. तिथे फारसं सुधारलं नाही, हा भाग वेगळा.

पण मला सगळ्यात आवडतं ते ‘डेअरडेव्हिल’चं उदाहरण. एप्रिल २०१५, नेटफ्लिक्स. मार्व्हलचा हिरो, आणि तो स्वतः दृष्टिहीन. सिरीज आली ती ऑडिओ डिस्क्रिप्शनशिवाय! म्हणजे दृष्टिहीन हिरोची गोष्ट दृष्टिहीन फॅनलाच कळू नये. फॅन आणि चळवळीतले लोक मागे लागले. काही दिवसांतच नेटफ्लिक्सने डिस्क्रिप्शन आणलं, आणि तिथून ते बाकीच्या सिरीजपर्यंत पसरत गेलं.

भारतात कायदा बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ मध्ये ऑडिओ डिस्क्रिप्शनचा थेट उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी व्हर्जनसाठी ते करायला सांगितलं. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये थिएटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओटीटीसाठीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला. कागदावर गाडी हलली आहे. पण कागदावर भाषा कोणती, हा आपला प्रश्न आहे. हिंदी किंवा इंग्रजीत एक ट्रॅक दिला की नियम पाळल्यासारखं होईल, आणि वांगणीतली आजी, जिला मराठीच नीट समजतं, ती होती तिथेच राहील. म्हणून ‘मराठीत येणार का?’ ही कमेंट बरोबरच आहे, फक्त अर्धी आहे.

फोनमध्ये काय तपासायचं?

सिरीज लावल्यावर प्लेअरमध्ये ऑडिओ आणि सबटायटलचा मेनू उघडा. भाषेच्या नावापुढे ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ असं लिहिलेलं दिसलं तर ट्रॅक आहे. नुसतं ‘सीसी’ दिसलं तर ती ऐकू न येणाऱ्यांसाठीची अक्षरं आहेत, दोन्हींत गोंधळ करू नका. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी इथे ऑडिओ डिस्क्रिप्शनचा स्विच असतो, काही कंपन्यांच्या फोनमध्ये जागा थोडी वेगळी. आयफोनमध्येही अ‍ॅक्सेसिबिलिटीतच आहे. हा स्विच चालू केला की जिथे ट्रॅक असेल आणि अ‍ॅप साथ देत असेल, तिथे तो आपोआप लागतो. ट्रॅकच नसेल तर स्विच काही करू शकत नाही.

आणि पुढचा टीझर पडेल तेव्हा चेहऱ्यावर हवं तेवढं भांडा, त्यात मजा आहेच. पण त्याच कमेंटमध्ये दोन ओळी वाढवा: मराठी ऑडिओ आहे का, आणि मराठीत ऑडिओ डिस्क्रिप्शन आहे का. टीझर ग्रुपवर फॉरवर्ड करताना व्हिडिओखाली टाइप करून टाका की शेवटी कुठलं नाव आणि कोणती तारीख दिसते. तुम्ही टाइप केलेलं स्क्रीन रीडर वाचतो. दहा सेकंदांचं काम आहे.